वर न आलेलं बटन

काल्याच्या कीर्तनातून कोणी उठत नाही. घरी म्हैस अडली असली तरी नाही, दारात जावई येऊन बसला असला तरी नाही. सात दिवस जे ऐकलं त्याचं लोणी त्या दिवशी निघतं, आणि दही-लाहीचा घास तळहातावर पडल्याशिवाय मांडी मोडायची नाही, असा जलंबच्या मारुतीच्या देवळातला शिरस्ता होता. निवृत्ती तर नुसता ऐकणारा नव्हता, पेटीवर होता. पेटीवाला उठला तर कीर्तनाच्या पायाखालची सतरंजीच ओढल्यासारखं.

कार्तिकातलं ऊन मंडपाच्या तट्ट्यांतून खाली उतरलं होतं. शेषराव महाराज रंगात आले होते. गोपाळांच्या शिदोऱ्या एकेक करून सोडवत होते, कोणाची शिळी भाकर, कोणाचं नुसतं मीठ, आणि देव त्या सगळ्यांत आपलं दही कालवतो आहे. बायका पदराने डोळे पुसत होत्या. महाराजांनी चाल वर नेली, टाळ चढले, निवृत्तीची बोटं काळ्या चारच्या पट्टीवर गेली आणि खाली आली.

बोट उठलं. सूर उठला नाही.

पट्टी आतच राहिली होती. भाता हलेल तसा तो एकच सूर भों करून वाजत राहिला, सगळ्या चालीतून आरपार. पखवाजवाल्याने मान वळवून पाहिलं. निवृत्तीने नखाने पट्टी उचलून वर घेतली तेव्हा तिच्या कडेला वाळलेली लाल खपली दिसली. सकाळी विणेकऱ्याने पेटीची पूजा केली होती, ओलं गंध आणि कुंकू अगदी सढळ हाताने लावलं होतं. तेच फटीत उतरून वाळलं होतं.

‘भक्ती जरा पातळ करून लावत जा म्हणावं,’ असं त्याच्या मनात येऊन तो ओठात हसलाही. आणि ते हसू तिथल्या तिथे थिजलं.

बटनालाही कुंकू लावलं होतं. काल. आणि त्यानेच लावायला सांगितलं होतं.

निवृत्ती खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये विजेचा मिस्त्री होता. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती आणि त्या जिनातलं जुनं तेलाचं इंजिन जाऊन मोटर आली त्याला दोन. मोटर एका कोपऱ्यातल्या खोलीत, तिथून एक लांब लोखंडी दांडा साऱ्या शेडभर फिरणार, त्याच्यावरच्या पट्ट्यांनी सोळा यंत्रं चालणार. यंत्रासमोर बाया बसून कापूस भरायच्या, चामड्याचे रूळ तो ओढायचे, सरकी खाली, रुई पुढे. मोटर चालू-बंद करायची बटनं मात्र खोलीत नव्हती. ती शेडमधल्या खांबावर, एका लोखंडी डबीत होती, कोणाचं काही अडकलं तर हाताशी असावीत म्हणून. एक हिरवं, एक लाल.

खांबाशेजारचं यंत्र निवृत्तीच्या थोरल्या बहिणीचं होतं, रुखमाबाईचं. त्यामुळे बटनं दाबायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. लहानपणी आई गेल्यावर हिनेच निवृत्तीला कडेवर वाढवलं होतं. ती त्याची अक्का. नवरा गेल्यावर तीन वर्षांपूर्वी ती त्याच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, ‘मले जिनात लाव. तुह्या बायकोच्या चुलीवर मी बसून खाणार नाई.’

कापूस वेचून वेचून तिचा उजवा अंगठा सुजलेला असे. पंधरा दिवसांपूर्वी, मोटर चालवून पाहायची म्हणून तिने हिरवं बटन दाबलं आणि कळवळली.

‘काय हे बटन हाय का उखळ, बाप्पा? अंगठ्यानं जोर देऊन राह्यली तं खांद्यापर्यंत कळ गेली.’

‘कडकच पायजे ते, अक्का.’

‘काऊन?’

‘तसंच असते.’

‘तसंच असते म्हणते! लेका, तू पेटी वाजवते तं किती हलक्या हातानं वाजवते. थे लोणी, आन् हे दगड!’

ते त्याच्या मनाला लागलं. त्या संध्याकाळी त्याने डबी उघडली. आत सारा खेळ साधा असतो. बटनाची दांडी, दांडीच्या टोकाला पितळेची आडवी पट्टी, तिच्यासमोर दोन तारांची दोन टोकं, आणि या सगळ्याला मागे रेटणारी एक स्प्रिंग. हिरवं दाबलं की पट्टी दोन टोकांना टेकते, मोटर सुटते. बोट काढलं की स्प्रिंग बटनाला वर ढकलते, पट्टी सुटते. मोटर तरी चालूच राहते, कारण तोवर खोलीतल्या स्टार्टरने स्वतःच विजेला धरून ठेवलेलं असतं. लाल बटनाचं उलटं. ते दाबलं की धरलेला हात सुटतो, मोटर थांबते.

हिरव्याची स्प्रिंग पोलादी आणि जाड होती. निवृत्तीने ती काढली. पेटीच्या स्प्रिंगांसाठी आणलेली पितळी तार घरी होती, ती एका खिळ्यावर गुंडाळून त्याने मऊ स्प्रिंग वळली आणि बसवली. दाबून पाहिली. बटन फुलासारखं आत गेलं, पाखरासारखं वर आलं. लाल बटनाला त्याने हात लावला नाही. बंद करायचं बटन मऊ करू नये इतकी अक्कल त्याला होती.

अक्काने दाबून पाहिलं आणि भावाच्या गालावरून बोटं मोडली. बस, एवढंच. कोणाला सांगायची गरजही वाटली नाही.

आणि काल हंगामाचा मुहूर्त झाला. नारळ फुटला, प्रत्येक रुळाला हळद-कुंकू लागलं. पूजा करणारी सोजराबाई, साऱ्या बायांत जाणती सवाशीण, ताट घेऊन परत निघाली तेव्हा निवृत्तीनेच तिला थांबवलं. भरल्या मनाने म्हणाला, ‘मावशी, या बटनाले इसरल्या काय? खरा गणपती तं हाच हाय. याच्यापासूनच सारी सुरुवात.’

सोजराबाईने नारळाच्या पाण्यात कुंकू कालवलं, गुळाचा खडा चुरला, आणि हिरव्या बटनावर असा लेप दिला की हिरवं दिसेना. बटनाभोवती कडं असतं, चुकून धक्का लागून यंत्र सुरू होऊ नये म्हणून ते बटन कड्यात खोल बसवलेलं असतं. ते सगळं कडं वाटीसारखं भरलं. मग पाच मिनिटं मोटर चालवली. लेप ओला होता, बटन वर आलं. सगळ्यांनी पेढा खाल्ला.

रात्रभरात ते वाळलं असणार. गूळ, कुंकू, वर उडालेली रुई.

जाड स्प्रिंगने ती खपली फोडून आत गेलेलं बटन वर ढकललं असतं. त्याची पितळी स्प्रिंग ढकलणार नव्हती.

हिरवं आत अडकलं तर काय होतं, हे सगळ्या जिनात एकट्या निवृत्तीला ठाऊक होतं. लाल दाबलं की मोटर थांबेल. पण दाबून धरलं आहे तोवरच. अंगठा उचलला की हिरवं आतूनच पुन्हा सांगणार, चल. थांबलं म्हणून कोणी रुळात हात घालणार, आणि मागे कोणी लाल सोडणार. आजपर्यंत लाल दाबून कोणी धरून ठेवलं होतं? दाबलं, सोडलं, हात घातला. अक्का तर दिवसातून चार वेळा असं करायची.

आज बाराच्या भोंग्याला हंगामाचं पहिलं काम सुरू होणार होतं.

त्याने समोरच्या खांबावरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

पेटी थांबली. महाराजांचा हात हवेत थांबला.

‘काय रे निवृत्ती? सूर कुठी गेला?’

निवृत्ती उठून उभा राहिला होता. शंभर माणसं बसलेली, तो एकटा उभा. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला बुक्का. त्याने हात जोडले. ‘महाराज... जिनात बटन... मह्या बहिणीचा हात जाईन महाराज. मीच करून ठेवलं.’

मंडपात कुजबुज झाली. एक म्हातारा मागून म्हणाला, ‘काला सोडून जाते? असं कुठी असते काय?’

शेषराव महाराजांनी टाळ खाली ठेवले. ‘काला थांबते बाबा,’ ते म्हणाले, ‘मशीन थांबत नाई. जाय तू. इकडं आमी सांभाळतो.’ आणि विणेकऱ्याकडे वळून, ‘तुही सायकल दे त्याले.’

खामगावची गाडी एक वाजता होती, तिचा उपयोग नव्हता. आठ मैल. निवृत्तीने धोतर खोचलं आणि पायडल मारलं.

गाव सुटेपर्यंत तो मनात नामस्मरण करत होता. मग नाम सुटलं आणि नुसते आकडे राहिले. एका मैलाला सहा मिनिटं. आठा सक अठ्ठेचाळीस. अकरा दहाला निघालो. दोन मिनिटं हातात. समोरून वारा होता, तो आकड्यांत धरला नव्हता.

तीन मैलांवर पायाला काहीतरी टोचू लागलं. बंडीच्या खिशातलं काही मांडीवर आपटत होतं. त्याने एका हाताने चाचपलं आणि सायकल रस्त्याच्या कडेला जाऊन पुन्हा वर आली.

मोटरघराची किल्ली.

रोज तो ती मुकादम वामनरावांच्या हातात द्यायचा. आज पहाटेची गाडी चुकेल म्हणून धावला, आणि किल्ली खिशातच राहिली. मेन स्विच मोटरघरात. रुई आत जाऊन आग लागू नये म्हणून दार लोखंडी, कुलूप पितळी, दोन शेर वजनाचं. मोटर सुरू करायला खोली उघडायची गरजच नव्हती, मेन कालपासून चढवलेलाच होता. म्हणजे यंत्र सुरू करता येणार होतं. खरोखर बंद करता येणार नव्हतं.

‘पांडुरंगा,’ तो मोठ्याने म्हणाला, ‘आज भोंगा उशिरा वाजू दे. मालकाचं पोट दुखू दे. कायबी कर.’

खामगाव जवळ आलं तशा कापसाच्या गाड्या लागल्या. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात बाजाराकडे मैल-मैल रांग लागायची. गाड्या डोक्यापर्यंत भरलेल्या, रस्ता दोन्ही बाजूंनी बुजलेला. निवृत्ती घंटी वाजवत, बैलांच्या शिंगांतून वाट काढत होता. गाडीवाल्यांना त्याच्या गळ्यातली माळ दिसली.

‘ओ बुवा! कीर्तनातून पळून राह्यले काय?’

‘अबे, बिदागी कमी देली असन!’

‘सरका रे बाप्पा, सरका! जिनात माणूस मरते!’ तो ओरडला. हसणं बंद झालं. पुढच्या गाडीवाल्याने काही न विचारता बैल शेतात घातले, त्याच्या पुढच्याने पाहून आपलेही. वाट झाली.

तेवढ्यात भोंगा वाजला.

तो आवाज त्याने हजार वेळा ऐकला होता. आज तो पेटीच्या अडकलेल्या सुरासारखा संपतच नव्हता. अजून दीड मैल होता. आता अक्का बसली असेल. पदर खोचला असेल. अंगठा बटनावर ठेवला असेल, आणि किती हलकं झालं म्हणून भावाला मनातल्या मनात आशीर्वाद दिला असेल.

फाटकापाशी तो पोचला तेव्हा बारा वाजून अकरा मिनिटं झाली होती, आणि जिन गप्प होतं.

सोळा यंत्रांची खडखड या वेळी रस्त्यापर्यंत यायला हवी होती. चिमण्या ऐकू येत होत्या. निवृत्तीने सायकल फाटकाला लावली. चालू असतं तर अजून काही झालं नाही असं म्हणता आलं असतं. बंद म्हणजे कोणीतरी लाल दाबलं होतं.

मोटरघराच्या दाराशी वामनराव घणाने कुलपावर घाव घालत होते. घामाने भिजलेले. निवृत्ती दिसताच त्यांनी घण खाली टाकला.

‘किल्ली! किल्ली कुठी नेली बे तू? देवाले दाखवाले?’

निवृत्तीने किल्ली बाहेर काढली. घावांनी कुलपाचं तोंड चेपलं होतं, ती आत जाईना. वामनरावांनी कुलूप दोन्ही हातांनी धरलं तेव्हा गेली. आत शिरून त्याने मेनचा दांडा खाली ओढला. मग तेवढ्यावर विश्वास बसेना म्हणून चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपसले आणि खिशात टाकले. मग पळाला.

शेडमध्ये सगळ्या बाया खांबाभोवती जमल्या होत्या. त्याला वाट देत त्या बाजूला झाल्या.

सोजराबाई यंत्रावर वाकलेली होती. तिचा पदर रुळात गेला होता, आणि पदराबरोबर डावा हात. लुगडं दोरखंडासारखं पिळून तिच्या कोपरापर्यंत आवळलं होतं. एक बाई विळ्याने त्याचा एकेक पीळ कापत होती, अगदी सावकाश, कारण कापडाखालीच कातडी होती. सोजराबाईचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती शुद्धीवर होती.

आणि खांबापाशी अक्का उभी होती. लाल बटनावर तिचा सुजलेला उजवा अंगठा, अंगठ्यावर डावा तळवा, आणि सगळ्या देहाचा भार त्या दोन्हींवर. लाल बटनाची पोलादी स्प्रिंग तिला मागे ढकलत होती, ती स्प्रिंगला आत. हात खांद्यापर्यंत थरथरत होते.

‘अक्का.’

‘बोलू नको मह्याशी. बोललं का जोर जाते.’

वामनराव मागून म्हणाले, ‘पयल्यांदा दाबून सोडलं तिनं, तं मशीन पुन्हा चाललं. सोजराचा हात आनखीन वित्तभर आत गेला. मंग तिनं जे धरलं थे धरलंच. मी म्हणलं मी धरतो, तं म्हणे बदली करताना उलीसं सुटलं तं? कोणाले हात लावू देत नाई.’

‘अक्का, सोड आता. मेन पाडला.’

‘पक्कं?’

‘पक्कं.’

‘मागच्या खेपीबी मले पक्कंच वाटलं होतं,’ ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. नजर सोजराबाईच्या हातावर.

निवृत्तीला ठाऊक होतं की वीज गेली आहे. फ्यूज त्याच्या खिशात होते, मांडीला टोचत होते. पण आपण बसवलेल्या गोष्टीवर विश्वास ठेव असं अक्काला सांगायची त्याची जीभ रेटेना. तो यंत्रासमोर गुडघ्यावर बसला. सोजराबाईच्या हाताशेजारी, दोन रुळांच्या मधल्या फटीत, त्याने आपली चार बोटं घातली. पेटीवरची बोटं.

‘आता सोड,’ तो म्हणाला.

विळा थांबला. त्याला रुळाचं थंड चामडं जाणवत होतं, आणि आपल्या बोटांतली नाडी. अक्काने आता प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. मग अंगठा उचलला.

काहीच झालं नाही.

कोणीतरी हुंदका दिला. अक्का खांबाला टेकून खाली बसली.

वामनरावांनी मोठा पट्टा हाताने उलटा ओढला तसे रूळ मागे फिरले आणि सोजराबाईचा हात बाहेर आला. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं गेलं होतं, दोन बोटं काळीनिळी झाली होती, पण पाचही होती. बोटं हलवून पाहा म्हटल्यावर तिने हलवली आणि मग ती रडली. तिला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

निवृत्तीने तिथेच मांडी घालून डबी उघडली. हिरवं बटन अजून आत होतं. कुंकवाची कडक वाटी त्याच्याभोवती जमली होती, वर रुईचा पांढरा थर. पितळी स्प्रिंग दबून, लाचार होऊन बसली होती. बाया पाहत होत्या. वामनराव पाहत होते.

‘कुंकवानं अडकलं काय?’ एक बाई हळूच म्हणाली. ‘मंग सोजरा मावशीनंच...’

‘नाई,’ निवृत्ती म्हणाला. ‘कुंकू मी लावाले सांगतलं. आन् स्प्रिंग मी बदलली. आधीची असती तं हे बटन असं राह्यलंच नसतं.’ त्याने ती छोटी पितळी स्प्रिंग तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली. ‘पेटीची तार हाय. मले वाटलं, अक्काचा अंगठा दुखते.’

वामनरावांनी ती उचलून बोटांत दाबून पाहिली. ‘मालकाले मी सांगतो का तू सांगते?’ त्यांनी विचारलं.

‘मी सांगतो.’

त्याने सांगितलं. मालकाने आठ दिवस घरी बसवलं, आणि जाताना म्हटलं की आधी ती डबी नीट करून दे. निवृत्तीने जुनी पोलादी स्प्रिंग घरून आणली, कडं रॉकेलने धुतलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्याने बटनावर रबरी टोपी बसवली, आत रुई जाऊ नये आणि पुढच्या वर्षीचं कुंकूही. हळद-कुंकवासाठी डबीच्या वीतभर वर खांबात एक कोनाडा खोदला. आणि मोटरघराची दुसरी किल्ली करून ती वामनरावांच्या कमरेला बांधली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विणेकरी सायकल न्यायला आला. महाराजांनी केळीच्या पानात बांधून काला धाडला होता. दही आंबलं होतं. निवृत्तीने तो सोजराबाईच्या घरी नेला. तिचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून अक्काच तिला भरवू लागली. अक्काचा अंगठा फडक्यात गुंडाळलेला होता, काळा पडला होता, तिला घास नीट धरता येत नव्हता, आणि लाह्या सोजराबाईच्या मांडीवर सांडत होत्या.

‘चांगल्या दोघी मिळाल्या,’ सोजराबाई म्हणाली. ‘एकीले हात नाई, एकीले अंगठा नाई. आन् हा गणपतीवाला, याले अक्कल नाई.’

निवृत्ती सांडलेल्या लाह्या वेचू लागला.

‘खाय रे तूबी,’ ती म्हणाली. ‘तुह्याच काल्याचा घास हाय.’

आठ दिवसांनी तो कामावर आला तेव्हा भोंग्याला अजून वेळ होता. मोटरघराचा मेन पाडलेला होता, तो त्याने दोनदा पाहिला. मग खांबापाशी येऊन अक्काला म्हणाला, ‘दाबून पाय.’

तिने डाव्या अंगठ्याने हिरवं बटन दाबलं. जोर लागला, कपाळाला आठी पडली. सोडलं. टक्.

‘पुन्हा,’ तो म्हणाला.

टक्.

‘पुन्हा.’

‘अरे, दुखते ना बाप्पा.’

‘हाव,’ निवृत्ती म्हणाला आणि कान डबीला लावला. ‘दुखू दे. पुन्हा.’